ब्रोमीनच्या खालची चौकट

शाळेच्या जिन्यातल्या भिंतीवर आवर्तसारणी रंगवायची, यात कोणाचा किती फायदा होता ते आधी पाहू. शाळेची ओल झाकली जाणार होती. हेडसरांना तपासणीत शाबासकी मिळणार होती. पेंटरला बाहेरगावच्या मोठ्या कामाआधीचे आठ मोकळे दिवस भरून निघणार होते. आणि सगळ्यांत घसघशीत वाटा होता रसायनाच्या बाईंचा. चार वर्षं हंगामी नोकरीवर लोंबकळत होत्या बिचाऱ्या. तपासणीच्या साहेबांचा एक चांगला शेरा आला की कायम. प्रेमाची तरतूद यात कोणीच केली नव्हती.

पहिल्या दिवशी बाई मूलद्रव्यांची यादी घेऊन जिना चढत होत्या, तर शिडीवरून आवाज आला, "थांबा! पुढची पायरी ओली आहे!"

बाई एक पाय हवेत धरून थांबल्या. वर पाहिलं. कानामागे ब्रश, गालावर हिरवा फराटा, आणि डोळे...

"पाय खाली कधी ठेवू?"

"सुकल्यावर. अर्धा तास लागेल."

"अर्धा तास अशीच उभी राहू?"

"मला चालेल," पेंटर म्हणाला.

तेव्हापासून बाईंना तिसऱ्या मजल्यावर सारखं काम निघू लागलं. तास असो नसो, जिना सुटेना. पहिल्या चार ओळी त्यांनी समोर उभं राहून भरून घेतल्या. एकेक चौकट, तिच्यात खूण, नाव आणि अणुभार.

"बाई, अणू पाहिलाय का हो कोणी?"

"आधी नुसता तर्कच होता. म्हणाले, घट्ट गोटीसारखा असेल, फुटायचा नाही. मग गोटीच्या आत इलेक्ट्रॉन सापडले. मग कळलं, जवळजवळ सगळा पोकळच आहे. मधोमध एवढंसं केंद्रक, बस."

"एवढ्या पोकळीवर ही भिंत उभी?"

"भिंतच काय, तुम्हीसुद्धा."

"मी पोकळ?"

"जवळजवळ."

पेंटर हसला आणि हेलियमची चौकट भरू लागला. "हा कोणात मिसळत नाही म्हणालात ना?"

"नाही. त्याला कोणाकडून काही नको, कोणाला काही द्यायचं नाही."

"म्हणजे तुमच्यासारखा."

"मी हेलियम नाही हं—" बाई पटकन म्हणाल्या, आणि आपण एवढं पटकन का म्हणालो म्हणून पुढचे दोन तास स्वतःवर चिडल्या.

घरी आई म्हणाली, "अगं, ती खुर्ची तिसऱ्यांदा पुसतेयस. बसायला कोणी येणार आहे का?"

गुरुवारी बाईंची परीक्षेवर नेमणूक होती. पाचवी ओळ पेंटरने एकट्याने भरली. नंतर बाई आल्या, पाहून गेल्या, पुन्हा आल्या. पण पेंटरने सांगून टाकलं होतं, "सोमवारी संध्याकाळची गाडी. तीन महिने तिकडेच." मग बाईंना चौकटी दिसणार कुठून? नजर भिंतीवर जायला निघायची आणि वाटेतच शिडीवर मुक्काम ठोकायची.

सोमवारी तपासणीचे साहेब आले. जिन्यात उभे राहिले, मान डोलावली. शिडीवर पेंटर कडेची पट्टी संपवत होता. साहेबांची मान एकदम थांबली.

"ब्रोमीनच्या खाली टेल्युरिअम? तिथे आयोडीन हवं. हे कोणी केलं?"

"मी," शिडीवरून पेंटर म्हणाला. "यादीत त्या ओळीत अणुभार चढत चालला होता, तिथे एकदम उतरला. मला वाटलं, बाईंची नजर चुकली. त्यांना कोणी बोल लावू नये म्हणून गुपचूप सावरून घेतलं."

"सावरून घेतलं म्हणे!" हेडसर कडाडले. "अडाण्याला काम दिलं की हेच होणार, साहेब. बाईंचा काही दोष नाही. हो ना, बाई?"

एक 'हो' म्हटलं की नोकरी पक्की. बाईंनी यादी साहेबांपुढे धरली.

"नाही, सर. यादी बरोबर होती, पण भिंत तपासायचं काम माझं. मी तपासली नाही."

"तुम्ही रोज इथे येत नव्हतात?" साहेबांनी विचारलं.

"येत होते. दिवसातून सहा वेळा."

"मग दिसलं कसं नाही?"

बाईंचे कान तापले. "मी... भिंतीकडे पाहत नव्हते, साहेब."

शिडी करकरली. साहेबांनी शिडीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, खाकरले आणि लिहिलं: शिकवणे उत्तम. लक्ष कमी. कायम करण्याचा विचार पुढील वर्षी व्हावा.

सगळे गेले. पेंटर खाली उतरला, त्याला बाईंकडे बघवेना. "मला सगळं सांगून तुम्हाला मोकळं करायचं होतं... आणि झालं भलतंच. पण अणुभार तर खरंच उतरतो ना?"

"उतरतो. जुन्या शास्त्रज्ञांनाही तेच कोडं पडलं होतं. पण आयोडीनचा स्वभाव ब्रोमीनशी जुळतो, म्हणून भार कमी असूनही त्याला तिथेच बसवलं. खरं कारण पुढे कळलं. जागा ठरते ती केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येवर, भारावर नाही."

"भारावर नाही?" पेंटर घुटमळला. "मी दहावी नापास आहे, बाई. माझा भार—"

"भाराचं नाव काढू नका. आत्ताच त्यापायी माझं एक वर्ष गेलंय."

"मग... ब्रोमीनशेजारी बसायला—"

"शेजारी नाही, खाली! शिकवून उपयोग काय?" बाई हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "गाडी किती वाजता?"

पेंटरने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. "या दोन चौकटी पुसायच्या, सुकवायच्या, पुन्हा भरायच्या... गाडी नाही मिळायची."

"आणि उद्याची?"

"उद्या दुसरा हात द्यावा लागेल."

तेव्हा आता कोणाचं काय गेलं तेही पाहू. बाईंचं एक वर्ष गेलं. पेंटरचं तीन महिन्यांचं हातातलं काम गेलं. हेडसरांचं काहीच गेलं नाही. ते वेळेवर घरी गेले. जिन्यात दोघं मात्र रंग सुकायची वाट पाहत एकाच पायरीवर बसून राहिली, आणि आपलं जास्त गेलं असं दोघांपैकी कोणीच म्हणेना.