आवाजाची जागा

मिरजेत सांधकर्णिका सर्रास बसवायला लागले, तेव्हापासून एका कानाने ऐकणारं माणूस शोधून सापडेना. शार्दूल आवटी तेवढा उरला होता. लहानपणी गालगुंडात त्याचा डावा कान गेला, पण त्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं. अडायचं ते ऋजुताचं. लग्नापासून ती त्याच्या उजव्या हाताला चालत आली. नुसतं “इकडे ये” म्हणून तिचं कधी भागलं नाही, कारण इकडे म्हणजे कुठे, हे त्याला कळतच नसे. “इकडे, गच्चीत,” असा पत्ता द्यावा लागे. मग विजेवरच्या, जेमतेम आवाज करणाऱ्या एका रिक्षाने त्याला डावीकडून धक्का दिला आणि ऋजुताने त्याला दवाखान्यात ओढत नेलं.

“सांधकर्णिका भाताच्या शिताहून लहान असते,” डॉ. मुजावर तिला समजावत होत्या. “मेंदूच्या देठात बसवतो. दोन्ही कानांचे निरोप पहिल्यांदा भेटतात ते तिथे. आवाज एका कानाला आधी पोचतो, दुसऱ्याला किंचित उशिरा. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशीर, पण तेवढ्यावरून देठ आवाजाची जागा ठरवतो. यांच्या डाव्या कानाचा निरोप येतच नाही. कानामागचा माइक ऐकेल आणि ही तो निरोप पोचवेल.”

ती बसवल्यावर पहिले काही दिवस घरात खेळच चालला. तो डोळे मिटून बसे, ती पाय न वाजवता फिरे आणि हळूच म्हणे, “ओळख.”

“कपाटाआड. आणि तोंडात चिवडा आहे.”

“तेही देठ सांगतो?”

“ते संसार सांगतो.”

मग तो गप्प गप्प राहू लागला. पुढच्या तपासणीला म्हणाला, “डॉक्टर, काढून टाका.”

ऋजुता त्याच्याकडे वळली. “अरे, दुखतंय का?”

“नाही गं. तुझा आवाज आता तिथून येतो. खुर्चीतून, दारातून. पूर्वी तो माझ्या कानातच असायचा. आता तू बोललीस की आधी कळतं, तू लांब आहेस.”

“मी कायम लांबच होते, वेड्या. हातभर.”

“मला ते माहीत नव्हतं.”

डॉ. मुजावरांनी टेबलावरचा माइक पुढे सरकवला. मग म्हणाल्या, “एक करता येईल. ऋजुताताईंचा आवाज सांधकर्णिकेला ओळखायला शिकवू. तेवढाच दोन्हीकडून एकदम, सारखाच पोचवायचा. हेडफोनमध्ये वाटतो तसा डोक्याच्या मधोमध वाटेल. पण मग त्याला जागा उरणार नाही.”

शार्दूलने ऋजुताकडे पाहिलं. हो म्हटलं नाही, तर तो सगळंच काढून घेणार आणि पुन्हा रिक्षांसमोर जाणार, हे तिला दिसत होतं. आणि त्याच्या तशा नजरेला नाही म्हणणं तिला कधी जमत नसे. तिने माइक जवळ ओढला. “काय बोलू?”

“रोज बोलता तेच.”

रविवारी बाजारात दोघांची चुकामूक झाली. तिला तो दिसला, कांद्याच्या ढिगाऱ्यापलीकडे. डाव्या अंगाला मागून घंटी वाजली तसा तो अचूक उजवीकडे सरकला, हातगाडीला वाट दिली. तिचा जीव सुखावला.

“शार्दूल, अरे मी इथे,” तिने हाक मारली.

त्याला ऐकू गेलं. त्याचा चेहरा उजळला. पण त्याने मान वळवली नाही, कुणाला शोधलं नाही. “चल,” तो प्रेमाने पुटपुटला आणि तिला सोबत घेतल्यासारखा एकटाच गर्दीत पुढे निघाला.