साखळी गेली कुठे?

"धुरांडं पळतंय!" शंकासुर ओरडला.

"धुरांडं नव्हे, तुझं डोकं पळतंय," थर्मासमधून चहा ओतत मामा म्हणाला. "गप बस!"

शंकासुर म्हणजे ताई आणि छोटीचा मधला भाऊ. प्रश्न विचारून विचारून त्याने घरादाराला भंडावून सोडलं होतं, म्हणून हे नाव! सुट्टीत मामा तिघांना शिडाच्या बोटीतून फिरवायला निघाला होता. बोट आजोबांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली, आणि मामाच्या ताब्यात आज पहिल्यांदाच दिलेली. दुपारी अचानक वादळी वारा सुटला. मग मामाने शीड उतरवून टेकडीच्या आडोशाला नांगर टाकला. मागे, वारा ढकलत होता त्याच बाजूला, काळेकुट्ट खडक होते.

"पण मामा, मघाशी किनाऱ्यावरचं ते धुरांडं पाण्याच्या टाकीमागे लपलं होतं. आता अख्खं दिसतंय!"

"अरे बाबा, बोट डोलते. दिसणारच."

"मग परत लपत का नाही?"

मामा थर्मास बाजूला ठेवून किनाऱ्याकडे बघू लागला.

ताई सरपटत बोटीच्या पुढच्या टोकाशी गेली. तिने नांगराच्या दोरावर हात ठेवला. दोर थरथरत होता, मधूनच गचके देत होता.

"नांगर घसरतोय! आपण खडकांकडे चाललोय!"

"शक्यच नाही! चांगला जड नांगर आहे."

"आणि साखळी कुठाय?" शंकासुराने विचारलं. "आजोबांनी दाखवली होती. दोर आणि नांगराच्या मध्ये साखळी असते, तिच्या वजनाने नांगर आडवा राहून वाळूत रुततो. तू तर नुसता दोरच सोडलास!"

"ए, माझ्या गादीखाली केव्हाचं काहीतरी टोचतंय," छोटी म्हणाली.

गादी उचलली. खाली टॉवेलमध्ये नीट गुंडाळलेली साखळी! मामाचे कान लाल झाले.

"नवा रंग दिला ना... ओरखडे पडत होते, म्हणून काढून ठेवली."

"मामा!" तिघेही एकदम किंचाळले.

"थांबा, नांगर वर ओढून साखळी बांधतो!"

"तेवढ्यात आपण खडकांवर जाऊ!" ताई म्हणाली. "साखळी दोरावरूनच खाली पाठवू. तू उरलेला दोर सोड!"

"खडक इतके जवळ, आणि अजून दोर सोडू?"

"आखूड दोराने नांगर वर उचलला जातो. सोड, मामा!"

मामाने दोर सोडला. बोट मागे सरकली. खडकांवर फुटलेल्या लाटेचं पाणी अंगावर आलं, छोटीने डोळे गच्च मिटले. ताईने साखळीची जुडी बांधून एका मोठ्या कडीने दोरात अडकवली, परत ओढायला तिला बारीक दोरी लावली आणि बोटीच्या काठावरून ढकलली. खर्रर्र!

"रंग!" मामा कळवळला.

"रंग गेला खड्ड्यात!"

साखळी बुडाली. दोर ताणला गेला. बोटीला एक हिसका बसला, आणि ती थांबली.

"धुरांडं?" ताईने विचारलं.

शंकासुर कितीतरी वेळ टक लावून बघत होता. "जागच्या जागी!" तो ओरडला, आणि मामाने त्याला घट्ट मिठीच मारली.

संध्याकाळी वारा पडला तसे आजोबा कोळ्यांच्या मोटरबोटीतून धावून आले. दुपारभर ते किनाऱ्यावरून हाका मारत होते. त्यांचा आवाज बसला होता. मामाने काहीही न लपवता सगळं सांगितलं आणि मान खाली घालून उभा राहिला.

आजोबांनी त्या लांबलचक ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"शाब्बास रे पोरांनो! ही बोट मी बांधली, पण आज राखली तुम्ही."

"बाबा, उद्याच रंग लावून टाकतो," मामा पुटपुटला.

"खबरदार! हा ओरखडा असाच राहू दे," आजोबा म्हणाले. "ताई, सुकाणू धर. घरी चला."