चौदा नंबर, बोला

तो घराबाहेर पडला होता भिंतीवरच्या घड्याळाला सेल आणायला. एवढंच काम. गेल्या जानेवारीतला दुसरा रविवार होता, दिवेलागणीची वेळ. येताना सेलबरोबर दुकानदाराने त्याच्या गळ्यात हे मारलं. हो, हेच, तुम्ही आत्ता डब्यातून काढलंत ना, तेच. कॉम्प्युटरवर रेडिओ ऐकायचं यंत्र: बोटाएवढा यूएसबीचा तुकडा, एक वायर आणि लोहचुंबकावर उभी केलेली ही काडी. लावा की, मी कुठे नको म्हणतोय. फक्त ती अँटेना कॉम्प्युटरला चिकटवून ठेवू नका. खिडकीत ठेवा, खाली एखादं पत्र्याचं झाकण घाला. तुमचं होईतो मी सांगतो. आणि तो दिवा राहू दे चालू.

हा माझा दोस्त. त्याला आम्ही चौदाच म्हणायचो. आम्ही एकाच कंपनीत टॅक्सी चालवायचो, आणि तिथे माणूस गाडीच्या नंबरावरून ओळखला जायचा. मोबाइलच्या आधीचा काळ तो. प्रत्येक गाडीत वायरलेसचा सेट आणि ऑफिसच्या माडीवर कंट्रोलची खोली. कंट्रोलला बसायची त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी. घरी ती त्याला ‘अहो’ म्हणायची, वायरलेसवर मात्र ‘चौदा’. "चौदा, स्टेशनबाहेर दोन माणसं आहेत." नवरा म्हणून अर्धा शब्द जास्त नाही. आम्ही त्याला चिडवायचो, की बाबा रे, जेवायला वाढताना तरी नंबर विचारत नाही ना?

तिची एक पद्धत होती. पाळी संपली की ती नंबर ओळीने पुकारायची. ज्याने त्याने सांगायचं, "गाडी घरी." ती म्हणायची, "बरं." कोणी बोललं नाही तर तीन हाका. तरी गप्प असला तर दुसऱ्या गाडीला सांगणार, "जरा बघून या." शेवटची गाडी घरी लागेपर्यंत ती खुर्चीतून उठायची नाही. पाठीचं दुखणं होतं तिला, कंबरेला पट्टा बांधून बसायची, पण उठायची नाही.

त्याच खुर्चीत ती गेली. रात्रपाळीला, गाड्या सगळ्या रस्त्यावर असताना. आम्हाला वाटलं सेट बिघडले. चौदा बघायला माडीवर गेला, आणि मग आम्हाला कळलं.

पुढे मोबाइल आले, कंपनी बुडाली, सेट काढून विकले. जुन्या गाड्या ऑफिसमागच्या गॅरेजात गंजत पडल्या. चौदाची मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात. ती रोज फोन करायची, "बाबा, तुमची खोली तयार आहे, या ना." हा म्हणायचा, "बघू." सकाळी एकदाच भात लावायचा, तोच रात्री. आतल्या खोलीत टीव्ही चालू ठेवून बाहेरच्या खोलीत बसायचा, कोणीतरी घरात बोलतंय असं वाटावं म्हणून. हे त्यानेच मला सांगितलं, आणि मला फार वाईट वाटलं होतं.

तर सोमवारी मी त्याच्याकडे गेलो, हे यंत्र जोडायला. मुलीने दिलेला लॅपटॉप होता. दुकानदाराने सांगितलं होतं, आधी याचा ड्रायव्हर टाका. चौदा म्हणाला, "जन्मभर आपण ड्रायव्हर, आता याला आणखी वेगळा हवाय?" टाकला. पण यादीत याच्या नावाऐवजी भलत्याच नावावर बोट पडलं आणि माउसच मेला. तुमचंही होईल, जपून. तासभर आम्ही दोघं म्हातारे त्या मेलेल्या माउसच्या मागे होतो. शेवटी एकदाचं लागलं. पडद्यावर निळं पाणी वरून खाली वाहतंय असं दिसायला लागलं, आणि जिथे कोणी बोलतंय तिथे पिवळी रेघ. आधी एफएमवरची गाणी लागली. मग विमानातला पायलट खालच्या माणसाशी बोलताना ऐकू आला. चौदा हसला. किती दिवसांनी हसला, काय सांगू.

मी त्याला एक गोष्ट समजावली, तुम्हीही ऐका. हा गेनचा, म्हणजे बारीक आवाज मोठा करायचा, दांडा फार वर चढवला की नसलेली स्टेशनं दिसायला लागतात. खरं की खोटं ओळखायचं असेल तर अँटेना काढायची. बाहेरून येणारं असेल ते जातं. उरेल ते घरातलंच, कॉम्प्युटरचं किंवा चार्जरचं.

मग त्याने हळूच एक आकडा टाकला. आमचे सेट ज्यावर बोलायचे तो कंपनीचा आकडा, वायरलेसच्या डब्यावर चिकटवलेला, वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असलेला. नुसती खरखर.

"तिथे आता कोण असणार?" मी म्हटलं.

"कोणी नको," तो म्हणाला. "तिच्या दोन हाकांच्या मधे हीच खरखर असायची रे."

मी घरी आलो.

मंगळवारी सकाळी त्याचा फोन. आवाज बसलेला. रात्री तो खरखर लावून खुर्चीतच झोपला होता. जाग आली तेव्हा पडद्यावर बारीक पिवळी रेघ उतरत होती.

"ती नंबर पुकारत होती," तो म्हणाला.

"कोण?"

"तीन म्हणाला, गाडी घरी. ती म्हणाली, बरं. मग सात. मग अकरा. मग बारा."

तीन, सात, अकरा, बारा... त्या चौघांनाही आम्ही दोघांनी खांदा दिलेला.

"मग म्हणाली, चौदा, बोला. तीनदा म्हणाली. मी बोललो रे. लॅपटॉपकडे तोंड करून बोललो. पण याला कानच आहेत, तोंड नाही. तिला ऐकूच गेलं नाही."

मी म्हटलं, गेन वर राहिला असेल. दुसरी कुठली कंपनी तो आकडा वापरत असेल. आज रात्री अँटेना काढून बघ. माझा माझ्याच बोलण्यावर विश्वास नव्हता.

त्या रात्री मी जागाच होतो. फोन वाजला.

"काढली," तो म्हणाला. कुजबुजत होता.

"मग?"

"पायलट गेले. गाणी गेली. सगळं गेलं."

"आणि ती?"

"...अँटेना माझ्या हातात आहे. रेघ आणखी जाड झालीय."

फोनमधून मला खरखर ऐकू येत होती. फक्त खरखर. आणि त्याचा श्वास.

"पुकारतेय," तो म्हणाला.

मग काहीच नाही.

मग म्हणाला, "झाल्या तीन हाका."

मग एकदम, "अरे... ती सातला सांगतेय. सात, जरा चौदाला बघून या."

सात नंबर जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. घाटात गेला होता, कंपनी बुडाल्यावर विकत घेतलेल्या आपल्या त्याच गाडीसकट.

मी म्हटलं, बंद कर ते. मी पुन्हा म्हटलं. आणि मग फोनमध्ये मला इंजिन ऐकू आलं. आधी लांब, मग जवळ. ते जुनं डिझेलचं इंजिन, आम्हाला झोपेतही ओळखू येईल असं.

"दाराशी आहे," तो म्हणाला.

"खिडकीचा पडदा उघडू नकोस."

"उजेड पडलाय भिंतीवर."

"उघडू नकोस..."

इंजिन चालूच होतं. कोणी उतरलं नाही. कोणी हाक मारली नाही. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग आवाज लांब गेला.

बुधवारी मी सकाळीच त्याला गाठलं. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. घाबरलेला वाटला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी म्हटलं, आजच्या आज मुलीकडे जा. रेल्वेत मी बसवून देतो.

"जाईन," तो म्हणाला. "पण आधी ते मिटवायला हवं. उत्तर दिलं तर ती उठून जाईल. मग मला तिचा आवाज परत ऐकू यायचा नाही. नाही दिलं तर..." तो लॅपटॉपकडे वळला. "नाही दिलं तर ती तशीच बसून राहील रे. तिच्या पाठीचं तुला माहीत आहे."

"पण उत्तर देणार कशाने? सेट कुठे आहे?"

"गॅरेजात माझी गाडी आहे ना," तो म्हणाला.

त्या गाडीत बॅटरीसुद्धा नव्हती. मी त्याला ते सांगितलं. तो हो म्हणाला. रात्री मी तुझ्याकडे झोपायला येतो, असं ठरवून निघालो. आलो तेव्हा दाराला कुलूप होतं. आत लॅपटॉपचा निळा उजेड दिसत होता. मी गॅरेजकडे धावलो. फाटक बंद, अंधार, हाका मारून घसा बसला. रखवालदार पहाटे आला तेव्हा किल्ली मिळाली.

चौदा नंबरच्या गाडीत तो बसला होता. आपल्या जागेवर. वायरलेसचा सेट होता तिथे नुसतं भोक, पण जुना माइक कोणीतरी तसाच टाकून गेलं होतं. तो त्याच्या हातात होता. माइकची वायर खाली लोंबत होती, कशालाच न जोडलेली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती. मी तिथेच, त्या गंजक्या दारापाशी, खाली बसून रडलो.

मुलगी आली. सगळं आवरून झाल्यावर लॅपटॉप माझ्याकडे घेऊन आली. "काका, बाबांनी रात्री काहीतरी रेकॉर्डिंग लावून ठेवलं होतं. मला नुसती खरखर ऐकू येते. तुम्ही बघता का?"

मी ते एकट्याने ऐकलं. तिला मी काही सांगितलं नाही. आज तुम्हालाच सांगतोय.

बराच वेळ खरखर. मग वहिनीचा आवाज. "चौदा, बोला."

काही नाही.

"चौदा, बोला."

आणि मग तो. स्वच्छ. घसा खाकरून, पूर्वीसारखा. "चौदा. गाडी घरी."

ती लगेच काही बोलत नाही. मला वाटतं, ती रडत असावी. मग म्हणते, "बरं." आणि मग, वायरलेसवर जन्मात कधी म्हणाली नव्हती ते म्हणते, "किती उशीर केलात हो."

हे सगळं त्या लॅपटॉपवर आहे. त्याच्या घरातल्या. तो गॅरेजात असताना. अँटेना टेबलावर काढून ठेवलेली मी स्वतः पाहिली.

मी ते तिथेच बंद करायला हवं होतं. पण आणखी थोडं शिल्लक होतं.

ती पुढे पुकारते. "सोळा." गाडी घरी. "बरं." "सतरा." गाडी घरी. "बरं."

दोघेही कधीच गेलेले.

मग तीन हाका. एकाच नंबराला. मधे खरखर. कोणी बोलत नाही...

मग ती दमलेल्या आवाजात म्हणते, "चौदा, जेवण नंतर. आधी जरा एकोणीसला बघून या."

गाडीचं दार लागल्याचा आवाज येतो. डिझेलचं इंजिन सुरू होतं. फाइल तिथे संपते.

एकोणीस नंबर माझा होता.