गडग्यावरची बशी

"चेडू बघूक इलेल्या माणसान मामाची लुंगी नेसान किती दिस रवाचां गे आये? आणि खरां सांगू... पोह्यांत मीठ नव्हतां."

आमटीसाठी झाडाची आंबट बिंबलं काढायला गडग्यापाशी आलेली गौरवी जागच्या जागी उभी राहिली. गडगा म्हणजे मये गावातल्या त्या दोन घरांमधला चिऱ्यांचा बांध, जेमतेम कमरेएवढा. पलीकडे जास्वंदीच्या आडोशाला फोन कानाशी धरून एक तरुण माणूस आईकडे गाऱ्हाणं सांगत होता. वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटाला घड्याळ आणि खाली हिरव्या चौकड्यांची लुंगी. तीही अशी नेसलेली, की दुसरा हात गाठीवरून हलवायची सोय नव्हती.

गौरवीच्या हातातलं बिंबल निसटून पाल्यावर पडलं. तो वळला. दोघांनी एकमेकांना पाहिलं — आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदाच पाहिलं.

म्हणजे शनिवारी तो तिला रीतसर पाहायला आला होता. पण त्याने पोह्यांच्या बशीतून मान वर काढली नाही आणि तिने त्याच्या मोज्यांवरून नजर वर नेली नाही. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे, एवढीच काय ती तिला त्याच्याविषयीची माहिती.

तर हा ओंकार. सातार्ड्याचा, बांद्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कामाला, आणि शेजारच्या कृष्णनाथमामांचा सख्खा भाचा. पोहे खाऊन त्याच संध्याकाळी तो परत जायचा होता. पण रूपालीमामीने अडवलं. उद्या आयतार, नुस्त्याचं हुमण, माशांची आमटी, खाऊन जा म्हणाली. रविवारी सगळ्या देशालाच घरात बसवलं, मासळीवाली काही फिरकली नाही आणि मग सरहद्दीवरचा पत्रादेवीचा नाकाच बंद झाला. न शिजलेल्या हुमणापायी नवरामुलगा एका पॅंटीनिशी अडकला. मामी तर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "माझ्या घोवाच्यो तीनच लुंग्यो. आता एक घोवाक, एक भाच्याक आणि एक वळीवर."

एवढ्यावर भागलं असतं. पण खरी अडचण दुसरीच होती. गौरवीचे वडील सगुण पाहुण्यांना निरोप देताना म्हणाले होते, "देवीचा प्रसाद घेतो आणि कळवतो."

यात नवल काही नाही. लग्नाचं ठरवायचं तर देवीला विचारायचं, ही तिथली रीतच. भटजी देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात, घरचा माणूस प्रश्न सांगतो आणि सगळे टक लावून बसतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगुणने विहीर खणताना प्रसाद घेतला होता, स्कूटर घेताना घेतला होता आणि दात बसवतानाही. गौरवीची याआधीची दोन स्थळं डावीवर गेली होती. तुला काय वाटतं, असं तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि तीही काही बोलली नव्हती. त्यावर सगुणचा आणखी एक नियम. प्रसाद होईपर्यंत त्या विषयावर घरात चकार शब्द काढायचा नाही, मध्येच बोललं की कौल बिघडतो.

आता देवळालाच कुलूप. प्रश्न लोंबकळत राहिला, आणि नवऱ्यामुलाची पॅंट शेजारच्या वळीवर वाळत.

गौरवी डिचोलीच्या एका वाचनालयात कामाला. तेही बंद. वाड्याच्या ग्रुपवर तर दिवसभर नुसते काढे उकळायचे; कुणी लसणीचा पाठवी, कुणी शेवग्याच्या सालीचा. वाचून वाचून धडधाकट माणसाचा घसा दुखायला लागे. शेवटी वैतागून तिने दिवेलागणीनंतर रोज एक प्रश्न घालायला सुरुवात केली. नियम दोनच. गूगलला विचारायचं नाही. आणि उत्तर आलेला प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. दुसरा नियम खास कृष्णनाथमामांसाठी होता, कारण त्यांना फणसाचं एकच कोडं येई आणि ते दर दोन दिवसांनी नव्या उत्साहाने घालीत. जिंकणाऱ्याला गौरवीच्या घरून काहीतरी खायचं बक्षीस, तेही गडग्यावर ठेवून. ठेवणारी मागे सरकली, की घेणाऱ्याने पुढे व्हायचं.

त्या दिवशी बिंबलं तशीच टाकून ती घरात आली. कान लाल झालेले. संध्याकाळी तिने प्रश्न घातला, "पेडण्याच्या आगरात पिकतं, पण ते शेत नव्हे. रोज ताटात असतं, पण नसलं तरच आठवण होते. ओळखा."

मामांनी सकाळीच ग्रुपवर घेतलेल्या एका नव्या नंबरावरून लगेच उत्तर आलं.

"जे पोह्यांत नव्हतं ते."

मग तो मेसेज पुसला गेला. पण वाड्यात पुसलेला मेसेज लिहिलेल्यापेक्षा जास्त वाचला जातो. वरच्या घरचे म्हातारे पांडुरंगबाब, ज्यांना टाइप करता येत नसे, त्यांचा आवाज आला, मागे कोंबडा आरवतोय, "कसले पोहे? कोणाकडचे पोहे?"

कुणी उत्तर दिलं नाही. सगुणने चष्मा काढून पुसला. ते पोहे त्यांनीही खाल्ले होते आणि वर 'बरे झालेत' असंही म्हणाले होते. ताराकाकी, म्हणजे गौरवीची आई, चुलीकडे तोंड करून बसली. फक्त तिचे खांदे हलत होते.

उत्तर बरोबर होतं. बक्षीस द्यावंच लागलं. सकाळी गडग्यावर पोह्यांची बशी आली आणि शेजारी फणसाच्या पानावर मिठाचा लहानसा ढीग.

ओंकारने आधी ढीग पाहिला, मग तिला. "हे वेगळं कशाला?"

"मागचंही घालून घ्या. बाकी नको राहायला."

"मागचे मी सगळे खाल्ले होते."

"दिसलं ना. मान वर केली असती तर आणखी वाढले असते."

"मान..." तो जरा घुटमळला. "मी अंगठा लपवत होतो. तुम्ही सारख्या माझ्या मोज्याकडेच बघत होता."

गौरवीला हसू आवरेना. ओढणी तोंडाशी नेत ती वळली आणि जाता जाता म्हणाली, "बशी परत द्या."

आता बशी परत द्यायची, पण रिकामी कशी देणार? आपल्याकडे शेजाऱ्याची बशी रिकामी जात नाही. मामीने तीत काजूची पिवळी धमक बोंडं घातली. तर मग इकडून ती रिकामी कशी परत जाणार? ताराकाकीने ओल्या काजूंची उसळ घातली. तिकडून फणसाचे गरे आले, इकडून भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, सार गेलं. कधी पोदेराच्या, म्हणजे सायकलवरच्या पाववाल्याच्या, भोंग्यामागे धावत जाऊन ओंकारने घेतलेले गरम उंडे पाव आले. एका हातात उंडे, दुसऱ्यात लुंगीची गाठ, त्या धावण्यावर सगळा वाडा दोन दिवस जगला. प्रश्न कोण जिंकतंय, इकडे मग कुणाचं लक्ष राहिलं नाही. बशी काही थांबेना.

सगुणना काही बोलता येईना. बोलायला गेलं तर तो विषय निघणार आणि त्या विषयावर बोलायचं नाही हा त्यांचाच नियम. ते नुसते सोप्यात बसून बशीची ये-जा बघत, टेनिसचा सामना बघावा तशी मान इकडून तिकडे करीत.

गडग्याशी उभं राहायचा वेळ मात्र हळूहळू वाढत गेला. पहिले काही दिवस दोघं पुस्तकी मराठीत बोलत, पाहण्याच्या कार्यक्रमात बोलतात तशी. मग एका सकाळी नीरोचा, म्हणजे काजूच्या बोंडांच्या ताज्या रसाचा, पेला पुढे सरकवताना तो सहज बोलून गेला, "पियान बघ गो, थंड आसा." बोलला आणि स्वतःच चपापला. तिने एक घोट घेतला, जिभेवर तुरट गोडवा रेंगाळला, आणि तीही सहजच म्हणाली, "बरो आसा. तू पियालो?"

तुम्हीचं तू झालं ते असं. त्याचा गाजावाजा कुणीच केला नाही. फक्त जास्वंदीच्या पलीकडून मामीने मामांना कोपरखळी दिली, आणि मामांनी फणसाचं कोडं आठवत असल्यासारखं आभाळाकडे पाहिलं.

एकदा तिने प्रश्न घातला, "आपल्या मयेच्या तळ्यातल्या होड्या बांधून ठेवल्यात. सध्या त्यांत कोण बसतं?"

ओंकारचं उत्तर आलं, "बगळे. आणि सगळं उघडल्यावर — दोन माणसं."

या वेळी मेसेज पुसला गेला नाही. गौरवीने फोन उशीखाली ठेवला, काढला, परत ठेवला. पांडुरंगबाबांचा कोंबडा आरवला. "कोण दोघां?"

परत कुणी उत्तर दिलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच दिलं नाही.

आणि मग व्हायचं ते झालं. सगळं सुरळीत झालं. नाक्यावर पास मिळायला लागला. कंपनीतून बोलावणं आलं. आणि त्याच आठवड्यात देऊळ उघडलं. सगुणने लगेच जाहीर केलं, ओंकारराव जायच्या आधी प्रसाद घेऊन टाकू, म्हणजे लोंबकळत नको. जे महिनोन्‌महिने उघडावं म्हणून सगळे वाट बघत होते ते उघडलं, आणि दोन्ही घरांत जेवण कुणाला धड गेलं नाही. मामी लुंग्या घडी घालता घालता डोळे पुसत होती. लुंग्यांसाठी नव्हे, हे तिने दोनदा सांगितलं.

आदल्या संध्याकाळी ओंकार गडग्याशी आला. पॅंट घातलेली. एवढ्या दिवसांनी तो परत पाहुण्यासारखा दिसत होता, आणि गौरवीला ते मुळीच आवडलं नाही. हातात बशी होती, रिकामी.

"घरात काय उरूक नाय," तो म्हणाला. "रिकामी कशी दिवची?"

"मग दिव नाका. व्हर तुझ्याकडे." घेऊन जा म्हणून तिने बशी त्याच्याकडेच सरकवली.

"मगे परत हाडून दिवची पडतली."

"पडतलीच."

दोघं हसली, आणि हसू अर्ध्यावरच विरलं.

"गौरवी, फाल्यां जर डावी..."

"माका बिंबलां काढपाची आसात," ती घाईने म्हणाली आणि वळली. बिंबलाच्या झाडाला तेव्हा एकही बिंबल नव्हतं.

रात्री तिला कळलं, आपल्याला भीती देवीची वाटत नाहीये. देवी बिचारी कधी कुणाचं वाईट करत नाही. भीती आपल्याच गप्प बसण्याची वाटतेय. दोन वेळा पाकळी पडली आणि दोन वेळा आपण मान हलवून घरी आलो. तेव्हा काही बिघडलं नव्हतं. या वेळी...

सकाळी देवळात सगळे आखून दिलेल्या चौकटींत लांब लांब उभे राहिले. पुढे सगुण नारळ घेऊन, मागे ताराकाकी आणि गौरवी, पलीकडे मामा, मामी आणि ओंकार. त्याच्या हातातल्या पिशवीतून बशीची कड दिसत होती. भटजींनी तोंडावरची पट्टी सारखी केली, देवीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या लावल्या आणि म्हणाले, "सांगा गाऱ्हाणं. काय विचारायचं?"

सगुणने घसा साफ केला. "म्हणजे... ते आपलं... त्या विषयाचं."

"कुठल्या विषयाचं?"

"आमच्या मुलीच्या... म्हणजे तशी काही बोलणी नाहीत, पण..." सगुणच्या कपाळावर घाम. एवढे दिवस जो शब्द घरात येऊ दिला नाही, तो आता हाक मारूनही येईना. त्यांनी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, बशीचां काय ता एकदा कळूक होया. मामीने त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

"अहो, नीट विचारा," भटजी म्हणाले. "अर्ध्या प्रश्नाला देवी उत्तर कसं देणार?"

समईची वात तडतडली. ओंकारने मान खाली घातली होती. आज त्याचे मोजे बाहेर पायरीवर होते आणि दोन्ही अंगठे उघडे. ते बघून गौरवीला एकदम हसू आलं.

ती चौकटीतून एक पाऊल पुढे आली. देवीला हात जोडले.

"बाबा, उत्तर आलेला प्रश्न परत विचारायचा नसतो. ग्रुपचा नियम आहे."

सगुण वळले. ताराकाकी वळली. भटजीसुद्धा वळले. देवीच्या अंगावरून एक पाकळी सुटून खाली पडली. उजवी की डावी, ते कुणीच पाहिलं नाही.

"देवी," गौरवी म्हणाली. काय हवं ते सांगताना तिचा एकेक शब्द स्वच्छ होता. "माका हाच घोव जाय. विचारूक नाय, सांगूक आयल्यां."