छावणीतली चौकट

शहराच्या छावणी भागातल्या आमच्या घरापासून समुद्र इतका लांब, की आप्पांनी तो आयुष्यात पाहिलेला नाही. पाहिला असता तर "एवढं पाणी, अन् पिकाच्या कामाचं नाय?" म्हणून नाक मुरडलं असतं. त्यांची लेक घरी बसून त्याच समुद्राचं गणित करते, याची त्यांना भारी गंमत.

माझं काम म्हणजे संगणकातल्या दोन मॉडेलांची सोयरीक. एक समुद्राचे प्रवाह आणि तापमान सांभाळतं. दुसरं त्यात तरंगणारे बारीक जीव, म्हणजे प्लवक, वाढवतं आणि मारतं. पहिलं घाईचं, दुसरं निवांत. दोघांची आकड्यांची देवाणघेवाण झाली की मध्येच नायट्रोजन गळायचा, म्हणजे हिशेबातून नाहीसा व्हायचा. मासेमारांना माशांचा ठाव सांगणाऱ्या केंद्राला असलं गळकं मॉडेल नको होतं. शुक्रवारी त्यांचा निकाल होता, आणि माझी सगळी आशा त्यावर लागली होती.

गुरुवारी सकाळी गळती थांबली. हिशेब शेवटच्या दशांशापर्यंत जुळला! मी खोलीभर नाचले. मग कारण शोधलं आणि हसूच आलं. चाचणीसाठी मॉडेलच्या नकाशावरची एक चौकट समुद्र म्हणून उघडायची होती. कोकणातल्या पोरीनं मालवण टाकलं असतं. मला पाठ होते ते आमच्या घराचे अक्षांश-रेखांश, हाताने तेच टाकले. सगळ्या कोरड्या जमिनीत एकटी छावणी समुद्र झाली होती.

चौकट बंद केली. गळती परत. उघडली, हिशेब चोख. असं का, ते मला अजूनही सांगता येत नाही. मी ती उघडीच ठेवली.

दुपारी अंगणातल्या हौदापासून आप्पांची हाक आली.

"पोरी, नळाला पाणी नाय, अन् हौद काठोकाठ! खारट लागतंय."

"बोअरचं असेल, आप्पा."

"आपल्याला बोअर हाय व्हय?"

मी पुन्हा संगणकाकडे वळले. पडद्यावर आमच्या चौकटीत प्लवक मायंदाळ वाढत होते, आणि कुणीतरी ते खातही होतं. खाणारा मी लिहिलाच नव्हता.

शुक्रवारी केंद्राचा फोन आला. पसंत! इतका चोख हिशेब आजवर कुणी दिला नव्हता म्हणे. मूळच्या बिडकीनच्या शेतकऱ्याच्या पोरीनं समुद्र गणितात बसवला होता! आनंदानं मला रडू फुटलं. पेढ्यांचा पुडा घेऊन मी अंगणात धावले.

आप्पा हौदाच्या काठावर बसले होते. एक हात कोपरापर्यंत पाण्यात.

"लई गुदगुल्या होत्यात," ते हसत म्हणाले.

"हात काढा, आप्पा."

त्यांनी काढला. कोपराच्या खाली एकही केस उरला नव्हता. कातडी तान्ह्या बाळासारखी गुळगुळीत.

आत जाऊन चौकट बंद करणं क्षणाचं काम होतं. मी जागची हलले नाही.

"दुखतं का?"

"नाय," आप्पा म्हणाले आणि त्यांनी दुसराही हात पाण्यात घातला.