सयाजी भेटायला येतो

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावसबहिणीवर, पूनमवर, गुदरलेला प्रसंग आहे. हसायचं तर हसा. मला मात्र कालपासून झोप नाही, म्हणून लिहायला बसलेय.

पूनमचा नवरा रोहिदास मोशीचा. चाकणला कंपनीत कामाला. यंदा गणपतीच्या तोंडावर, चालू शिफ्टमध्ये त्याच्या छातीत कळ आली. डावा हात बधिर, अंगाला दरदरून घाम. सोबतच्यांनी तसाच उचलून चिंचवडला हॉस्पिटलात आणला.

हृदयाच्या तीन नसांत ब्लॉकेज निघाले. जिच्यामुळे झटका आला, ती नस डॉक्टरांनी लगेच स्टेंट टाकून उघडली. उरलेल्या दोन नसा दोन-तीन दिवसांत करू, तोवर इथून हलायचं नाही, असं बजावलं.

पण रोहिदासला लगेच बरं वाटायला लागलं आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

"लाइन चालू झाली न्हवं? बाकीचं दिवाळीत कंपनी बंद असल तवा बघू. मला घरी ने."

पूनमने परोपरीने समजावलं. ऐकेल तर शपथ.

"अगं, सयाजी बी त्येच म्हनला. मघाशी येऊन बसला हुता."

पूनमच्या अंगावर सर्रकन काटा आला.

सयाजी त्याचा कंपनीतला जिवलग दोस्त. त्याचीही एकच नस उघडली होती. बाकीच्या राहिल्या त्या राहिल्याच. गेल्या वर्षी कंपनीच्या बसमध्ये बसल्या जागी गेला.

त्याला खांदा दिला होता... रोहिदासनेच.

औषधाची गुंगी असेल, अशी पूनमने मनाची समजूत घातली. तरी बाहेर येऊन श्रद्धा सिस्टरला विचारलंच.

"ते कंपनीच्या शर्टातले काका ना?" सिस्टर सहज म्हणाली. "कालही आले होते. बोलत काहीच नाहीत... नुसते बसतात."

दुसऱ्या दिवशी रोहिदास हट्टालाच पेटला. स्वतःच्या जबाबदारीवर सही करून निघतो म्हणाला. दिवेलागणीला पूनम आत गेली. कॉटशेजारची खुर्ची रिकामी होती.

ती बसली.

खुर्ची गारठलेली होती... एसी तर बंद होता.

रोहिदास तिच्या खांद्यावरून मागे बघत होता.

"ऊठ, पूनम. त्यो उभा हाय."

ती उठणारच होती. पण आपला माणूस हातचा चाललाय, हे तिला दिसत होतं. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"राहू दे उभा."

मागे कुणीतरी श्वास घेतला... लांब, घरघरता.

तिने मान वळवली नाही. हात तेवढे जोडले.

"भाऊजी, पाया पडते तुमच्या. ह्यांना सोडा. एकटं वाटत असंल तर माझ्यापाशी येत जा. पन ह्यांना सोडा."

घरघर थांबली.

रोहिदासने झोपेतून उठल्यासारखे डोळे चोळले. "डॉक्टरला बोलीव," म्हणाला. "ऱ्हायलेलं करून टाकू."

दोन्ही नसा व्यवस्थित उघडल्या. आज तो ठणठणीत आहे, कामावर जातो. सयाजी येऊन बसायचा, हे त्याला आठवतही नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मीही.

काल दुपारी मी पूनमला फोन केला. बोलता बोलता म्हणाली, हल्ली जिना चढला की दम लागतो. पाठीत गार कळ येते.

मी घाबरले. म्हटलं, आजच्या आज डॉक्टरांना दाखव.

"मला काय धाड भरलीये!" ती हसली.

रोहिदास शिफ्टला गेला होता. घरात ती एकटीच होती, तसं तिनेच सांगितलं होतं.

मी फोन ठेवणार, तेवढ्यात तिचा आवाज आला... माझ्याशी बोलत नव्हती ती.

"बसा ना भाऊजी. उभे का?"