उजव्या नाकाची नथ

"उजव्या नाकाची नथ आहे का?"

दादरला रानडे रोडच्या आतल्या गल्लीतलं मणी-मोत्यांचं चिंचोळं दुकान. हा प्रश्न ऐकला आणि कोपऱ्यात गुलाबी खडे निवडत बसलेल्या मायाचा हात थांबला. विचारणारा उंच होता, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र, कपाळावर घाम. बरीच दुकानं पालथी घालून आलाय हे सांगायला नको होतं, दिसतच होतं.

दुकानदार सुशांतदादाने मान वर केली. "नाक कोणाचंय साहेब, तुमचं?"

"आत्याचं."

"मग डाव्या नाकाची न्या ना. सगळ्या बायका डावीकडे घालतात."

"तिला लहानपणी डावीकडे गळू झालं, भोक बुजलं. मग उजवीकडे टोचलं. तुमची नथ तिला घातली की मोती गालावर न जाता तोंडात येतात. आता तिनं लग्नात जेवायचं की मोती चघळायचे?"

माया खुदकन हसली. त्यानं वळून पाहिलं. रागावला नव्हता, उलट कुणीतरी हसलं याचं त्याला बरंच वाटलेलं दिसलं. आणि मग मायाच्या तोंडून ते निघून गेलं.

"माझ्याकडे... आहे एक. उजव्या नाकाची."

बोलली आणि लगेच जीभ चावली. कारण ती नथ म्हणजे काही अभिमानानं सांगायची गोष्ट नव्हती बाई.

माया डावखुरी. कॉलेजात असताना तिला मण्यांचं भारी वेड होतं. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या त्यांच्या खोलीत चिंचपेट्या काय, तोडे काय, सगळं ती करायची. आई केर काढताना निम्मे मणीच गोळा करायची. मग मैत्रीण वैदेहीच्या लग्नासाठी तिनं हौसेनं नथ केली. व्हिडिओत बघून, पण आपल्या डाव्या हातानं. त्या हातात तार उलटी वळत गेली आणि नथ झाली उजव्या नाकाची. हे कळलं कधी, तर वैदेही मांडवात निघताना. खोलीभर बायका हसल्या. एक मावशी म्हणाली, "डावऱ्या हाताचं काम, ते उलटंच व्हायचं." वैदेही बिचारी तशीच बिननथीची उभी राहिली. मायानं घरी येऊन मण्यांचा डबा माळ्यावर टाकला, तो टाकलाच.

यंदा चाळ सोडून समोरच्या टॉवरमधल्या नव्या घरात जायचं ठरलं आणि सामान काढताना तो डबा खाली आला. झाकण उघडलं, मणी हातात घेतले आणि तिला रडूच आलं. किती आवडायचं आपल्याला हे, आणि आपण सोडून दिलं. तिनं पुन्हा सुरुवात केली. फक्त आता उजव्या हातानं. हळू, वेडंवाकडं, पण चारचौघींसारखं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर पाच गार्डनच्या बाकावर तिनं ती जुनी नथ त्याच्यापुढे धरली. त्याचं नाव हर्षवर्धन. परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा, राहायला अँटॉप हिलच्या क्वार्टर्समध्ये. नथीची तार हिरवी पडली होती, मोती पिवळे.

"ही नाही घालता येणार त्यांना," माया म्हणाली. "पण मी नवी करून देईन."

"खरंच?" तो नथ उलटीसुलटी करून बघत राहिला. "आत्यानं आम्हाला दोघांना वाढवलं हो. मला आणि बहिणीला. स्वतःचं लग्न केलं नाही. आता स्पृहाच्या लग्नात आईच्या जागी तीच बसणार. परवा तिला विचारलं, तुला काय हवं? साडी म्हणाली नाही, बांगड्या म्हणाली नाही. म्हणाली, एकदा धड बसणारी नथ घालायचीय."

मायाला एकदम त्या न पाहिलेल्या आत्याची माया वाटली. आणि या माणसाचीही जरा वाटली, पण ते तिनं तेव्हा कबूल केलं नाही.

आता गंमत बघा. इतकी वर्षं जी चूक छळत होती, ती मुद्दाम करायची म्हटली तर जमेना. उजव्या हाताला एव्हाना वळण पडलं होतं. नथ करावी तर ती डाव्या नाकाची, सुबक, बाजारात शोभेल अशी. उलट्या बाजूनं वळवायला जावं तर बोटांत बोटं अडकायची आणि मोती घरंगळत कपाटाखाली जायचे. डावा हात वापरला तर होईल हे तिला कळत नव्हतं थोडंच? पण त्या हातात तार घेतली की मावशीचा आवाज कानात यायचा आणि ती तार खाली ठेवायची. लग्न रविवारी आणि आज गुरुवार.

तिनं त्याला पुन्हा पाच गार्डनला बोलावलं, नाही म्हणायला.

"तुम्ही दुसरीकडे बघा," ती बाकावर डबा ठेवत म्हणाली. "माझ्याच्यानं होत नाहीये."

"दुसरीकडे सरळ नथा मिळतात. मला उलटी नथ करणारी एकच माहितीय."

"ती आता सरळ करते... हाच तर घोळ आहे."

तो हसला. मग चहावाल्याकडून दोन कटिंग घेऊन आला. मायानं ग्लास घेतला तसा तो तिच्या हाताकडे बघायला लागला. चांगला निरखून.

"काय?" तिनं ओढणी सावरली.

"चहा डाव्या हातानं घेतलात. परवा माझा नंबरही डाव्या हातानं टाइप केलात. आणि डबा उघडलात की हात बदलता. का?"

हे आजवर आईच्याही लक्षात आलं नव्हतं. मग तिनं सांगून टाकलं सगळं, वैदेहीचं, मावशीचं, हसणाऱ्या बायकांचं. सांगताना डोळे भरून आले, तर तिनं सरळ पुसले. हर्षवर्धननं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

"आमच्याकडे ना," तो मग म्हणाला, "फिल्मवर पेशंटचं डावं रोज उजवीकडे दिसतं. कोणी त्याला उलटं म्हणत नाही. आम्ही फक्त लक्षात ठेवतो की माणूस समोर उभाय."

मायानं डबा मांडीवर ओढला.

"मी बसतो समोर. हे घ्या नाक. उजवं. मापाला आत्याच्या नाकापेक्षा थोडं मोठं आहे, पण खानदानी आहे."

"वेडे आहात का? लोक बघतायत."

"बघू दे की. एवढे बघतायत तर एक-दोन ऑर्डरी मिळतील तुम्हाला."

तिनं तार उचलली. उजव्या हातात... मग हळूच डाव्या. पहिला मोती ओवला, दुसरा ओवला. आणि मग बोटांना आठवलं. खरंच आठवलं, जसं पोहायला येणाऱ्याला पाण्यात पडल्यावर आठवतं. मध्ये गुलाबी खडा, भोवती मोत्यांचा घोस, आणि तार आपसूक तिकडेच वळत गेली जिकडे तिला जायचं होतं. माप बघायला तिनं नथ त्याच्या नाकाशी धरली. त्यानं श्वास रोखला. ती इतकी जवळ होती की त्याच्या शर्टाला येणारा हॉस्पिटलचा वास तिला आला.

"श्वास घ्या," ती म्हणाली. "एक्स-रे नाही काढत मी."

"तेच पेशंटला सांगतो मी रोज," तो पुटपुटला. "स्वतःला जमत नाहीये."

मायाचे कान गरम झाले. पुढचे दोन मोती तिनं खाली मान घालूनच ओवले.

रविवारी वरळीच्या हॉलमध्ये आत्या तयार होत होती. पांढरी पैठणी, केसांत मोगरा. मायानं नथ पुढे केली. पुन्हा तशीच खोली, तशाच जमलेल्या बायका, तसाच आरसा. आत्यानं नथ घातली आणि मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मोती गालावर नीट टेकले. खोलीत कोणी हसलं नाही. मायाचा जीव भांड्यात पडला.

आत्या आरशात बघत राहिली. मग म्हणाली, "पोरी, या नाकाच्या बाजूनं आजवर कोणी विचारच केला नव्हता गं." आणि तिनं मायाचा डावा हात धरून आपल्या डोळ्यांना लावला.

पुढे विधी झाले, फोटो झाले. जो तो आत्यालाच विचारत होता, नथ कुठून घेतलीस. शेवटी नवरी स्पृहा म्हणाली, "लग्न माझं आणि चर्चा नथीची. नाकापेक्षा मोती जड झालाय आज." सगळे हसले. मायाही हसली, अगदी मोकळी.

गर्दी जेवायला वळली तसा हर्षवर्धन तिच्याजवळ आला. आधी डाव्या बाजूला उभा राहिला, मग काहीतरी विचार करून उजवीकडे आला.

"हे काय?"

"डावा हात मोकळा राहू दे. कामाचा आहे." एक्स-रेच्या खोलीत ढीगभर लोकांना हुकूम सोडणारा माणूस, पण आता शब्द सापडेनात. "माया... उद्या नथ नसेल, आत्याचं काम नसेल, काही कारण नसेल. तरी पाच गार्डनला याल? मला तुम्ही आवडता. त्या दुकानात हसलात ना, तेव्हापासून."

मायानं पंगतीकडे पाहिलं. आत्या जेवायला बसली होती आणि मोती अजिबात तोंडात न येऊ देता आरामात जिलेबी खात होती.

"येईन," ती म्हणाली. "पण तो 'तुम्ही' तिकडे आणायचा नाही."

"बरं. मग तू ये."

"आणि हे घे." तिनं उजवा हात पुढे केला. "हा रिकामाच असतो आता."